विमान रद्द झाले तर : परतावा, भरपाई आणि ग्राहकाचे हक्क

कोलकात्याच्या नैर्ऋत्य भागातील बेहाला येथे धावपट्टी आहे. मात्र तेथून नियमित प्रवासी विमाने सुटत नाहीत. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी ओळखल्या जाणाऱ्या या लहानशा विमानतळाच्या शेजारी राहणाऱ्यालाही मुंबई वा पुणे गाठायचे असेल, तर सारे शहर ओलांडून उत्तरेकडील दमदमच्या नेताजी सुभाषचंद्र बोस आंतरराष्ट्रीय विमानतळावर जावे लागते. नोकरीतील बदलीमुळे या भागात बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी कुटुंबांना गावाकडचे लग्नकार्य, आईवडिलांचे आजारपण किंवा मुलांच्या सुट्या यांसाठी विमान हाच जवळचा मार्ग ठरतो. रेल्वेने मुंबईस पोहोचण्यास दीड दिवस लागत असल्याने विमान हा आता चैनीचा नव्हे, तर गरजेचा विषय झाला आहे.

असे विमान ऐन वेळी रद्द झाले, तर प्रवाशापुढे दोन प्रश्न उभे राहतात. एक, आता जायचे कसे? आणि दुसरा, भरलेल्या पैशांचे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर विमानतळावरच शोधावे लागते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कायद्यात आणि नियमांत लिहिलेले आहे. ते माहीत नसल्यामुळे अनेकजण हक्काची रक्कम सोडून देतात.

डिसेंबर २०२५ चा धडा

वैमानिकांच्या कामाचे तास व विश्रांती यांसंबंधीच्या सुधारित नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यासाठी पुरेशी पूर्वतयारी न झाल्याने देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीचे, म्हणजे इंडिगोचे, वेळापत्रक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोलमडले. ३ ते ५ डिसेंबर या अवघ्या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणे रद्द झाली, १,८५२ उड्डाणांना विलंब झाला आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी देशभरातील विमानतळांवर अडकले. कोलकाताही त्यास अपवाद नव्हते.

नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने ६ डिसेंबर रोजी तिकिटांच्या दरांवर तात्पुरती मर्यादा घातली आणि रद्द उड्डाणांचे सर्व परतावे ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत देण्याचा आदेश दिला. कंपनीने त्या मुदतीपर्यंत ६१० कोटी रुपयांचे परतावे दिल्याचे जाहीर झाले. पुढे १७ जानेवारी २०२६ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीस २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड ठोठावला, तसेच ५० कोटी रुपयांची बँक हमी देण्यास सांगितले.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक म्हणजे, दंडाची रक्कम शासनाकडे जमा होते. ती प्रवाशाच्या खात्यात येत नाही. दुसरी म्हणजे, प्रवाशाच्या हक्काचा नियम त्या संकटात नव्याने तयार झाला नाही. महासंचालनालयाने यासंबंधीचे नियम ऑगस्ट २०१० मध्येच लागू केले होते आणि त्यांतील भरपाईच्या रकमा २०१६ मध्ये वाढविल्या होत्या. प्रश्न केवळ ते माहीत असण्याचा व मागण्याचा होता.

परतावा वेगळा, भरपाई वेगळी

सर्वसाधारणपणे हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. नियमांत मात्र त्यांत मूलभूत फरक आहे.

परतावा म्हणजे प्रवाशाने भरलेले पैसे परत मिळणे. सेवा दिली गेली नाही, म्हणून किंमत परत. इतका हा साधा व्यवहार आहे. विमान कंपनीने उड्डाण रद्द केले, मग कारण कोणतेही असो, पर्यायी विमान न स्वीकारणाऱ्या प्रवाशास तिकिटाची पूर्ण रक्कम परत मिळाली पाहिजे.

भरपाई म्हणजे वेळेवर सूचना न देता गैरसोय केल्याबद्दल मिळणारी अतिरिक्त रक्कम. ती प्रत्येक वेळी मिळत नाही. सूचना केव्हा दिली, उड्डाणाचा कालावधी किती होता आणि रद्द होण्याचे कारण कंपनीच्या नियंत्रणात होते किंवा नाही, या तीन बाबींवर ती अवलंबून असते.

सूचनेचे तीन टप्पे

(१) सुटण्याच्या वेळेच्या किमान दोन आठवडे आधी कळविल्यास, कंपनीने प्रवाशाच्या पसंतीनुसार पर्यायी विमान अथवा पूर्ण परतावा द्यावा. भरपाई देय होत नाही.

(२) दोन आठवड्यांपेक्षा कमी, परंतु २४ तासांपूर्वी कळविल्यास, मूळ वेळेपासून दोन तासांच्या आत सुटणारे पर्यायी विमान द्यावे अथवा परतावा द्यावा.

(३) याप्रमाणे कळविलेच नाही, तर प्रवाशास मान्य असेल त्यानुसार पर्यायी विमान, अथवा पूर्ण परतावा आणि त्याशिवाय भरपाई द्यावी. एकाच तिकीट क्रमांकावरील पुढचे जोडविमान यामुळे चुकल्यासही हाच नियम लागू होतो. प्रवासी विमानतळावर आधीच पोहोचला असेल, तर पर्यायी विमान सुटेपर्यंत त्याच्या खाण्यापिण्याची सोय कंपनीने करावयाची असते.

भरपाईची रक्कम उड्डाणाच्या नियोजित कालावधीवर ठरते. विमान एका विमानतळावरील उभे राहण्याच्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतचा वेळ यासाठी धरला जातो. एक तासापर्यंतच्या उड्डाणासाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणासाठी ७,५०० रुपये आणि दोन तासांहून अधिक कालावधीच्या उड्डाणासाठी १०,००० रुपये ही कमाल मर्यादा आहे. कोलकाता-बागडोगरा हे उड्डाण मधल्या गटात येते. कोलकाता-मुंबई वा कोलकाता-पुणे ही उड्डाणे तिसऱ्या गटात येतात.

येथे बहुसंख्य प्रवाशांचा एक गैरसमज होतो. वरील रकमा सरसकट मिळत नाहीत. एकेरी प्रवासाचे मूळ भाडे अधिक इंधन आकार, किंवा वरील रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरपाई म्हणून मिळते.

एक उदाहरण पाहू. समजा, बेहाला येथे राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबाने कोलकाता-मुंबई प्रवासासाठी प्रत्येकी ७,९०० रुपयांचे तिकीट काढले. त्यात मूळ भाडे ६,००० रुपये, इंधन आकार ४०० रुपये आणि उरलेले १,५०० रुपये कर व विमानतळ शुल्क आहे. प्रवासाच्या आदल्या रात्री कंपनीने स्वतःच्या अडचणीमुळे विमान रद्द केले आणि कुटुंबाने पर्यायी विमान न घेता पैसे परत मागितले. अशा वेळी प्रत्येकी ७,९०० रुपये परतावा आणि ६,४०० रुपये भरपाई, म्हणजे एकूण १४,३०० रुपये देय होतात. चौघांचे मिळून ५७,२०० रुपये. भाडे व इंधन आकार मिळून १२,६०० रुपये असते, तर भरपाई मात्र १०,००० रुपयांवर थांबली असती.

आणखी एक अट ध्यानात ठेवावी. तिकीट काढताना संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल, तर भरपाई नाकारली जाऊ शकते. एजंट पुष्कळदा प्रवाशाऐवजी स्वतःचाच भ्रमणध्वनी क्रमांक नोंदवितात. रद्द झाल्याची सूचना मग एजंटाच्या क्रमांकावर जाते आणि प्रवासी दमदमला पोहोचल्यावर फलकावर ती वाचतो. तिकिटावर स्वतःचाच क्रमांक व ई-मेल आहे ना, हे त्याच दिवशी तपासावे.

निसर्गापुढे नियम किती?

बंगालच्या किनाऱ्याला वादळांचा शेजार आहे. रेमाल चक्रीवादळाच्या वेळी २६ मे २०२४ च्या दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत, असे २१ तास कोलकाता विमानतळावरील उड्डाणे थांबविण्यात आली. दाना चक्रीवादळाच्या वेळी २४ ऑक्टोबर २०२४ च्या सायंकाळी सहापासून १५ तास तशीच वेळ आली. अशा प्रसंगी भरपाई मिळत नाही. नैसर्गिक आपत्ती, दंगल, राजकीय अस्थिरता, सुरक्षेचा धोका, शासकीय आदेश, खराब हवामान, संप, हवाई वाहतूक नियंत्रणातील अडथळा यांसारख्या कंपनीच्या आवाक्याबाहेरील कारणांना नियमांत सूट दिलेली आहे.

मात्र ही सूट भरपाईपुरती आहे, परताव्यापुरती नाही. वरील उदाहरणातील कुटुंबाचे विमान वादळामुळे रद्द झाले असते, तर ६,४०० रुपये मिळाले नसते. पण ७,९०० रुपयांवरील त्यांचा हक्क अबाधितच राहिला असता.

धुक्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा एक निर्णय मार्गदर्शक आहे. डिसेंबर २००६ मध्ये दिल्लीहून हैदराबादला जाणारे विमान दाट धुक्यामुळे तासन्‌तास रखडले होते. प्रवाशाने भरपाई मागितली. धुक्यामुळे झालेल्या विलंबास सेवेतील त्रुटी म्हणता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने भरपाई नाकारली. तथापि, विलंबाच्या काळात प्रवाशांची किमान सोय पाहण्याचे कर्तव्य कमी भाड्याच्या विमान कंपन्यांसही चुकत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. स्वस्त तिकिटात अन्न समाविष्ट नसते, हे खरे. पण अडकलेल्या प्रवाशास उपाशी ठेवण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

विलंब आणि प्रवेश नाकारणे

विमान रद्द न होता उशिरा सुटणार असेल, तर नियम वेगळे आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणास दोन तास, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणास तीन तास आणि इतर उड्डाणांस चार तास वा अधिक विलंब अपेक्षित असल्यास, वेळेवर हजर झालेल्या प्रवाशास अल्पोपाहार व भोजन मिळावे. देशांतर्गत उड्डाणास सहा तासांहून अधिक विलंब होणार असेल, तर पर्यायी विमान अथवा पूर्ण परतावा मागता येतो. विलंब २४ तासांहून अधिक असल्यास, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेत सुटणारे विमान सहा तासांहून अधिक रखडल्यास, निवासाची सोयही कंपनीने करावयाची असते.

जागांपेक्षा अधिक तिकिटे विकली गेल्याने पक्के तिकीट असलेल्या प्रवाशास प्रवेश नाकारला गेला, तर भरपाई अधिक आहे. एका तासाच्या आत पर्यायी विमान दिल्यास काही देय नाही. २४ तासांच्या आत दिल्यास मूळ भाडे व इंधन आकाराच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये; त्यानंतर दिल्यास चौपट, कमाल २०,००० रुपये; आणि प्रवाशाने पर्याय नाकारल्यास पूर्ण परतावा व चौपट रक्कम, कमाल २०,००० रुपये.

मुलेबाळे युरोपात असलेल्या कुटुंबांसाठी एक नोंद. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमाने अंतरानुसार २५०, ४०० व ६०० युरो अशी भरपाई ठरविली. संघातील विमानतळावरून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानास हा नियम लागू होतो. भारतातून तिकडे जाताना मात्र विमान युरोपीय कंपनीचे असेल तरच.

पैसे परत येतात कसे?

शाखेच्या खिडकीवर अनेकदा असा ग्राहक येतो, की ज्यास विमान कंपनीने 'परतावा दिला आहे' असे सांगितले आहे. पण खात्यात रक्कम दिसत नाही. त्याचे समाधान करण्यासाठी पैशांचा मार्ग समजून घेणे आवश्यक आहे. परतावा ज्या मार्गाने पैसे गेले, त्याच मार्गाने उलट येतो : विमान कंपनी, तिची बँक, कार्डाचे जाळे आणि शेवटी ग्राहकाची बँक. क्रेडिट कार्डाने भरलेली रक्कम सात दिवसांत परत देण्याचे बंधन कंपनीवर आहे. रोख तिकीट काढले असल्यास ज्या कार्यालयातून ते घेतले, तेथून लगेच परतावा मिळावा.

कार्डावरील परताव्याचा माग काढण्यासाठी कंपनीकडून परताव्याची तारीख, रक्कम आणि संदर्भ क्रमांक मागून घ्यावा. हा क्रमांक हाती असल्यास शाखेस वा कार्ड विभागास रक्कम कोठे अडली, हे शोधता येते. केवळ 'पैसे पाठविले' या तोंडी उत्तरावर शोध घेता येत नाही. मधल्या काळात कार्ड बंद केले असेल, तर ती गोष्ट बँकेस आधीच कळवावी. पैसे कापले गेले, पण तिकीट निघालेच नाही, असेही घडते. अशा फसलेल्या ऑनलाइन कार्ड व्यवहाराची रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत जमा व्हावी आणि विलंब झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई मिळावी, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने ठरविले.

तिकीट एजंटामार्फत काढले असेल, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच राहते. कारण एजंट हा तिचा प्रतिनिधी मानला जातो. कंपनी व एजंट एकमेकांकडे बोट दाखवू लागल्यास हा नियम लेखी निदर्शनास आणून द्यावा.

परताव्याऐवजी रक्कम कंपनीकडेच पुढील प्रवासासाठी जमा ठेवण्याचा पर्याय पुष्कळदा पुढे केला जातो. तो स्वीकारणे वा नाकारणे हा सर्वस्वी प्रवाशाचा अधिकार आहे. करोना काळात १ ऑक्टोबर २०२० च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने अशा जमा रकमेस ठराविक तिकिटांपुरती मान्यता दिली. पण तीही ३१ मार्च २०२१ पर्यंतच, दरमहा वाढीसह, आणि न वापरल्यास रोख परत करण्याच्या अटीवर. ती असाधारण काळातील तडजोड होती, नेहमीचा नियम नव्हे.

आणि विमान कंपनीच बंद पडली तर? किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजचे शेवटचे उड्डाण १७ एप्रिल २०१९ रोजी झाले आणि गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा मार्ग धरला. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाल्यावर वसुलीच्या कारवाईस स्थगिती मिळते आणि तिकीटधारक धनकोंच्या लांब रांगेत उभा राहतो. बँका, कामगार, पुरवठादार यांच्यानंतर त्याच्या हाती काय पडेल, हे सांगता येत नाही. येथे बँकेची एक सेवा उपयोगी पडते. कार्डाने पैसे भरले असतील व सेवा मिळाली नसेल, तर ग्राहक आपल्या बँकेकडे व्यवहारावर हरकत नोंदवू शकतो. यालाच 'चार्जबॅक' म्हणतात. कार्डाच्या जाळ्याच्या नियमांनुसार व मर्यादित मुदतीतच ही हरकत चालते. म्हणून वाट पाहत बसू नये. तिकीट, रद्द झाल्याचा संदेश आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जोडून अर्ज लगेच द्यावा.

तक्रार कोठे करावी?

प्रथम विमान कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करावी. उत्तर न मिळाल्यास मंत्रालयाच्या 'एअरसेवा' या व्यवस्थेवर नोंद करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. चूक बँकेची असल्यास, म्हणजे परतावा येऊनही खात्यात जमा केला नसल्यास, बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

शेवटचा मार्ग ग्राहक आयोगाचा. तिकिटामागील बारीक अक्षरांत पुष्कळदा दूरच्या एखाद्या शहरातील न्यायालयांचा उल्लेख असतो आणि तो वाचून प्रवासी खचतो. परंतु २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो अथवा उपजीविकेसाठी काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार दाखल करता येते. बेहाला येथे नोकरी करणाऱ्यास कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात हेलपाटे घालावे लागत नाहीत. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही आणि ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

सावधानतेचा इशारा

उड्डाणे मोठ्या प्रमाणावर रद्द होतात, तेव्हा भामट्यांनाही संधी मिळते. इंटरनेटवर विमान कंपनीच्या नावाने बनावट दूरध्वनी क्रमांक पेरले जातात. गांजलेला प्रवासी स्वतःहून फोन करतो आणि पलीकडचा आवाज त्यास एखादे ॲप उतरवून घेण्यास, संकेतशब्द सांगण्यास किंवा पिन टाकण्यास सांगतो. पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, ही एक गोष्ट घरातील प्रत्येकाने, विशेषतः ज्येष्ठांनी, पाठ करून ठेवावी. संपर्क क्रमांक तिकिटावरून वा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. फसवणूक झालीच, तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर व बँकेस कळवावे.

नियमांत वेळोवेळी सुधारणा होतात. प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द करण्यासंबंधीच्या तरतुदी बदलण्याचा मसुदा महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केला होता. म्हणून दावा करण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावरील ताजी तरतूद पाहून घ्यावी. तिकीट, भाड्याचा तपशील, रद्द झाल्याचा संदेश व त्याची वेळ, आणि अडकलेल्या काळातील खर्चाच्या पावत्या एवढी कागदपत्रे जपून ठेवली, तर निम्मे काम झाले असे समजावे. चौघांच्या कुटुंबासाठी पन्नास-साठ हजार रुपये ही महिन्याच्या हिशेबात लहान रक्कम नव्हे. ती कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, तर हक्काने मिळते. मात्र हक्क मागणाऱ्याच्याच पदरात पडतो.